डब्यातल्या पाखराचे मूळ गाव

मुलुंडमध्ये ओक हे झाडाचे नाव नसून आडनाव आहे. अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात ते अलीकडे इमारतींचेही नाव होऊ लागले असले, तरी त्या इमारतींच्या आवारात शोभेचे अशोक, दोन नारळ आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यांपलीकडे काही उभे असलेले सहसा आढळत नाही. आणि हाच शब्द क्रियापद म्हणून आज्ञार्थी उच्चारला, तर त्याचा जो अर्थ होतो, तो प्रस्तुत विषयात थोडा पुढे, रव्याचा डबा उघडल्यानंतर, कामी येणार आहे. वनस्पतिशास्त्राला अभिप्रेत असलेला ओक, ज्याच्या एका जातीला गढवाल-कुमाऊँत बांज म्हणतात, तो हिमालयात आणि ईशान्य भारतात वाढतो. सह्याद्रीत तो निसर्गतः उगवत नाही. बागांतून लावला जाणारा सिल्व्हर ओक मुळात ऑस्ट्रेलियाचा असून त्याचे ओकाशी नाते नावापुरतेच आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या शंभराहून अधिक चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात साग, ऐन, करवंद आणि बिबट्या असा सगळा सरंजाम असूनही ओकाचे रान तेथे नाही. मग ओकाच्या पानांवर पोसणाऱ्या पतंगाचा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या स्थानकांशी संबंध तो काय, अशी शंका रास्त ठरते. संबंध भावकीचा आहे, आणि भावकीतली जी शाखा इकडे स्थायिक झाली, तिने झाड सोडून डबा धरला आहे.

युरोपातील ओकाची पाने रेशमी धाग्यांनी एकमेकांना शिवून त्या पुरचुंडीत बसून ती खाणाऱ्या एका लहानशा तपकिरी पतंगाला ‘फायसिटा रोबोरेला’ असे शास्त्रीय नाव आहे. यातील ‘रोबोरेला’ हा भाग ओकाच्या ‘रोबर’ या लॅटिन नावावरून आलेला असून तो १७७५ मध्ये व्हिएन्नातील डेनिस आणि शिफरम्युलर या दोघा विद्वानांनी योजला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करून वसई आणि साष्टी त्यांच्या पदरात घालत होते, आणि साष्टी म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ज्या बेटावर दाटीवाटीने उभी आहेत तेच बेट होय. एका शहरात पतंगाला नाव मिळत असताना दुसऱ्या शहरात साष्टीचा मालक बदलत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, हे मान्य करूनही तो योगायोग येथे नोंदवला आहे, कारण पतंगांच्या ग्रंथांत राघोबादादा येत नाहीत आणि पेशवाईच्या ग्रंथांत पतंग येत नाहीत.

हा पतंग ज्या कुळातला आहे, त्या ‘पायरॅलिडी’ कुळात जगभर सुमारे ६,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. कुळाच्या नावाची कथा अशी की, प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात सायप्रस बेटावरील तांबे गाळण्याच्या भट्ट्यांत राहणाऱ्या एका पंखधारी, चार पायांच्या कीटकाचे वर्णन केले आहे. तो आगीत सुखाने नांदतो आणि आगीबाहेर पडला की मरतो, असे त्याचे म्हणणे होते. असा कीटक अर्थातच कोणालाही सापडला नाही, पण त्याचे नाव शिल्लक राहिले आणि पुढे ते या बिचाऱ्या पतंगांना चिकटले. प्लिनी स्वतः इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला, म्हणजे आगीजवळ कोण जगते आणि कोण मरते याविषयीचे त्याचे ज्ञान अखेरपर्यंत कच्चेच राहिले. उपनगरी स्वयंपाकघरात या कुळाचे सभासद गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर राहतात. आगीत ते जगत नाहीत हे खरे, परंतु मिरचीच्या फोडणीने अख्खे कुटुंब ठसकत गॅलरीत जमा झाले असता ते डब्याच्या झाकणावर निवांत बसलेले दिसतात.

या कुळातील पतंगांना सोंडवाले म्हणण्याचा प्रघात आहे. पतंगाच्या तोंडाजवळ दोन खंडयुक्त स्पर्शक असतात, जे वास जाणण्याच्या कामी येतात. या कुळातील बऱ्याच जातींत ते पुढे रोखलेले असल्यामुळे बाजूने पाहिल्यास पतंगाला लांबट नाक फुटल्यासारखे दिसते. येथे मराठी वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे, कारण तांदळात काळसर, टणक, मान खाली घालून चालणारा जो किडा सापडतो, त्यालाही मराठीत सोंड्या किंवा सोंडकिडा असेच म्हणतात. तो भुंगेऱ्यांच्या वर्गातला असून त्याची सोंड हे त्याचे लांबलेले डोके असते व तिच्या टोकाला जबडे असतात, म्हणजे ती कामाची सोंड आहे. पतंगाची सोंड प्रामुख्याने हुंगण्याची आहे. तांदळातील पतंगाच्या बाबतीत तर मादीचे स्पर्शक लांब आणि पुढे आलेले असतात, तर नराचे आखूड असतात, म्हणजे त्या संसारात नाक मादीला आहे आणि नर नकटा आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात अशी म्हण असली, तरी या नकट्याच्या लग्नाला एकही विघ्न येत नाही, याची साक्ष कोणताही जुना रव्याचा डबा देईल.

उपनगरांतील घरांत या कुळाच्या प्रामुख्याने तीन शाखा नांदतात. पहिला तांदळातील पतंग, ‘कोर्सिरा सेफॅलोनिका’, जो फिकट राखाडी-तपकिरी, ओळखण्यासारखे काहीही नसलेला, सरकारी पाकिटाच्या रंगाचा प्राणी आहे. दुसरा ‘प्लोडिया इंटरपंक्टेला’, ज्याच्या पुढच्या पंखांचा बुडाकडील भाग फिका आणि उरलेला तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखा असतो, आणि जो या कुटुंबात एकटाच थोडाफार देखणा म्हणता येईल. तिसरा बदाम, मनुका, खजूर यांवर प्रेम करणारा ‘एफेस्टिया’ गटातील पतंग, जो साधारणतः दिवाळीत भेट आलेल्या आणि होळीपर्यंत कोणालाही न दिलेल्या सुक्या मेव्याच्या खोक्यात भेटतो. मराठी भाषेने मात्र या तिघांत भेद केलेला नाही. अळी दिसली तर ‘अळ्या झाल्या’, धाग्यांनी दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले तर ‘जाळी धरली’, आणि पंख फुटून ते बाहेर आले तर ‘पाखरं झाली’ असे म्हटले जाते, आणि या तिन्ही वाक्यांत करणारा कोणी नाही, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. पाखरे होतात, ती कोणी केलेली नसतात. रवा जळतो तेव्हा तो कोणीतरी जाळलेला असतो, दूध उतू जाते तेव्हा कोणाचे तरी लक्ष मोबाइलमध्ये असते, परंतु पाखरांच्या बाबतीत घरातील सर्व व्यक्ती एकमताने निर्दोष असतात.

निर्दोषपणाचा हा सिद्धान्त टिकवायचा तर पाखरू बाहेरून आले, असे म्हणणे क्रमप्राप्त होते, आणि मुंबईत ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न माणसांना जितक्या तत्परतेने विचारला जातो तितक्याच तत्परतेने तो पाखरांनाही लावला जातो. घाटकोपरच्या घरात पाखरू निघाले, तर ते किराणा दुकानदाराकडून आलेले असते. दुकानदाराला विचारले, तर तो वाशीच्या घाऊक बाजाराकडे बोट दाखवतो, आणि तेथील व्यापारी पंजाब, मध्य प्रदेश आणि पाऊस या तिघांपैकी एकाकडे. मुलुंडच्या घरात पिठाला जाळी धरली, तर दोष गिरणीचा असतो, आणि गिरणीवाल्याच्या मते आधीच्या गिऱ्हाइकाच्या दळणाचा. आधीचे गिऱ्हाईक कोण होते, हे गिरणीत कोणीही सांगत नाही, कारण गिरणीचा धंदा त्या मौनावरच चालतो. अंधेरीत जेथे सामान दहा मिनिटांत घरपोच येते, तेथे आरोपी अनोळखी आणि दुचाकीवर असल्यामुळे तपास लवकर आटोपतो. बोरिवलीत सर्वांत नाजूक प्रकरण असते, कारण तेथे पाखरू सुनेच्या किंवा सासूच्या माहेरच्या तांदळातून आलेले असते. सिंधुदुर्गातून किंवा रत्नागिरीतून उकड्या तांदळाचे पोते मायेने धाडले जाते. ते रातराणीने किंवा कोकण रेल्वेने, बाकाखाली पाय ठेवायची जागा अडवत, मुंबईपर्यंत येते, आणि महिनाभराने ट्यूबलाइटभोवती पाखरे फिरू लागली की त्या पोत्याकडे कोण पाहते आणि कोण पाहत नाही, यावरून त्या घरातील सत्तेचा समतोल अचूक सांगता येतो. ‘विकतच्या तांदळात झाली असतील’ हे वाक्य अशा घरांत शांततेच्या करारासारखे वापरले जाते.

मूळ गावाच्या बाबतीत शास्त्रज्ञांचे वर्तन याहून फारसे निराळे नाही, असे दाखवता येते. तांबूस पंखांच्या प्लोडियाला इंग्रजीत ‘इंडियन’ असे विशेषण लावलेले असल्यामुळे अनेक भारतीय वाचकांना उगाचच शरमिंदे वाटते, किंवा त्यांच्या स्वभावानुसार अभिमान वाटतो. परंतु हे नाव १८५६ मध्ये न्यू यॉर्क राज्याचे कीटकतज्ज्ञ एसा फिच यांनी दिले, आणि त्यातील ‘इंडियन मील’ म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासींच्या मक्याचे पीठ होय. भारताचा त्यात हात नाही. कोलंबसाने १४९२ मध्ये चुकीच्या किनाऱ्याला लागून तेथल्या लोकांना इंडियन म्हटले, त्या लोकांचा मका इंडियन झाला, मक्याच्या पिठातील अळी इंडियन झाली, आणि अशा रीतीने पाच शतकांपूर्वीच्या दिशाभुलीचा ठपका आज अंधेरीच्या डाळीच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचला. तांदळातील पतंगाच्या नावात तर ग्रीसची दोन बेटे आहेत: कोर्सिरा म्हणजे कॉर्फू आणि सेफॅलोनिका म्हणजे केफालोनियाचा. ज्या पतंगाला पावसाळी, उष्ण, दमट हवा आणि कोलम तांदूळ मानवतो, त्याच्या जन्मदाखल्यावर दोन भूमध्यसागरी बेटांची नावे असावीत, ही गोष्ट नालासोपाऱ्यातील इमारतीला ‘व्हेनिस’ म्हणण्याइतकीच विश्वसनीय आहे. याच कुळातील मैद्याच्या पतंगाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. कीटकतज्ज्ञ झेलर याने १८७९ मध्ये त्याचे नाव युलियस क्यून या जर्मन कृषितज्ज्ञावरून ठेवले, इंग्रजीने त्याला भूमध्यसागरी ठरवले, आणि त्याने स्वतः कोणतीही बाजू न घेता साऱ्या जगाच्या पिठाच्या गिरण्या ताब्यात घेतल्या.

भारतातील पतंगांची पद्धतशीर नोंद करण्याचे श्रेय जॉर्ज हॅम्पसन यांना दिले जाते, जे निलगिरीत चहाचे मळेवाले होते आणि ज्यांच्या चार खंडांतील ग्रंथाचा सोंडवाल्या पतंगांचा समावेश असलेला शेवटचा खंड १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत मांडवीच्या धान्याच्या गुदामांच्या परिसरात प्लेग उघडकीस आला, त्यामुळे शहराचे लक्ष धान्यातील उंदराकडे गेले ते गेलेच, आणि पतंगाला मिळू शकणारी प्रसिद्धी कायमची हुकली. पतंगाने ती कधी मागितलीही नव्हती.

जीवनक्रमाच्या दृष्टीने पाहिल्यास या प्राण्याच्या वागण्यात आक्षेपार्ह असे फार थोडे आहे. पंख असलेला पतंग काहीही खात नाही. त्याचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचे असते, आणि ते जोडीदार शोधणे व अंडी घालणे यांत सरते. एक मादी दीडशे-दोनशे, प्रसंगी त्याहून अधिक अंडी घालते. खाण्याचे सर्व काम अळीकडे असते, आणि ते ती महिनाभर, सुट्टी न घेता, तोंडातून रेशमाचा धागा काढत करत राहते. हा धागा म्हणजेच जाळी. ओकावरची तिची चुलत बहीण पाने शिवते, ही दाणे शिवते. शिवणकाम घराण्यातच आहे. हवामान मानवले तर अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पाच-सहा आठवड्यांत पुरा होतो, आणि हवामान मानवण्याच्या बाबतीत उपनगरांनी या पाहुण्याला कोणतीही उणीव भासू दिलेली नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. त्या दिवसांत बिस्किटे वातड होतात, आगपेटीची काडी तीनदा ओढावी लागते, मिठाची बरणी उलटी केली तरी मीठ पडत नाही, आणि तांदळातील पतंगाची अळी बाळसे धरते.

पूर्ण वाढ झालेल्या अळीची एक सवय मात्र गृहस्थाश्रमाच्या मुळावर येणारी आहे. कोष करण्याची वेळ आली की, विशेषतः प्लोडियाची अळी, अन्न सोडून चालू लागते आणि डब्याच्या आट्यांतून वाट काढत भिंत चढून छताच्या कोपऱ्यात जाते. त्यामुळे घरातील माणसे आठवडाभर छताकडे पाहत राहतात, जिन्यातून झुरळांचे औषध मारणाऱ्याला बोलावतात, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाकडे संशयाने पाहतात, आणि ज्या डब्यातून ही यात्रा निघाली तो मात्र कोणी उघडत नाही. तो उघडला जातो एखाद्या रविवारी सकाळी, उपम्यासाठी कांदा चिरून, मोहरी तडतडल्यावर, म्हणजे जेव्हा माघार घेणे शक्य नसते अशा क्षणी. पहिल्या परिच्छेदात राखून ठेवलेला ओक या शब्दाचा क्रियापदी अर्थ येथे वाचकाने स्वतःच योजावा. त्यानंतर घरात जो वाद होतो, त्यात एक पक्ष चाळून घेतल्यास काही होत नाही असे सांगतो, दुसरा पक्ष पातेले घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघतो, आणि तिसरा, वयाने सर्वांत मोठा पक्ष, रवा आणल्या दिवशीच भाजून ठेवला असता तर ही वेळ आली नसती, हे वाक्य उच्चारतो. ते वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद आहे, कारण भाजल्याने अंडी मरतात. परंतु निर्विवाद वाक्यांनी आजवर कोणत्याही घरात वाद मिटलेला नाही.

या पतंगाला कान आहेत, आणि ते डोक्यावर नसून पोटाच्या बुडाशी आहेत. वटवाघळे शिकारीच्या वेळी माणसाला न ऐकू येणारा जो उच्च कंपनसंख्येचा ध्वनी काढतात, तो टिपण्यासाठी हे कान असतात. याच कुळातील, मधमाश्यांच्या पोळ्यांत मेण खाणारा मोठा मेणपतंग ३०० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी टिपू शकतो, असे २०१३ मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. माणसाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगत राहणाऱ्या माणसाची त्याहून बरीच आधी. असे राजेशाही श्रवणयंत्र लाभलेला हा प्राणी उपनगरी स्वयंपाकघरात मात्र वाया गेलेला आहे, कारण तेथे वटवाघूळ येत नाही. तेथे पाल असते, आणि पाल ट्यूबलाइटच्या मागे बसून, शिकार गिळून झाल्यावर, कोणीतरी काहीतरी बोलत असताना चुकचुकते. ते ऐकून माणसे ‘सत्य आहे’ असे म्हणतात, तर पतंगाला त्यावर मत देण्याची संधी मिळालेली नसते.

पाखरांपासून धान्य राखण्याची विद्या महाराष्ट्रात जुनी आहे, परंतु ती ज्या वास्तुरचनेसाठी घडली ती वास्तू आता उरलेली नाही. पेव, कणगी, कोठार यांचे वंशज म्हणून उपनगरांत पत्र्याची कोठी आली, कोठीनंतर तेलाचे रिकामे पंधरा किलोंचे डबे, आणि शेवटी ओट्याखालची सरकती जाळी, जिच्यात दोन किलोंहून अधिक काही मावत नाही. तरीही एप्रिल-मे आला की घाटकोपर आणि मुलुंडमधील अनेक घरे, विशेषतः गुजराती व कच्छी शेजार लाभलेली, वर्षाचे धान्य भरण्याचा विचार करतात. दुकानात गहू निवडून, साफ करून, एरंडेल चोळून मिळतात. तेलाचा पातळ थर दाण्यावर बसला की कीटकांना त्यावर अंडी घालणे गैरसोयीचे होते, आणि चपातीला त्याचा वास येतो की नाही यावर त्या घरात वर्षभर दोन तट राहतात. तांदळाला बोरिक पावडर लावणारे एक घराणे आहे, कडुनिंबाचा पाला घालणारे दुसरे. कडुनिंबवाल्यांची पंचाईत अशी की, इमारतीतले झाड पार्किंगसाठी पूर्वीच कापलेले असल्यामुळे पाला गुढीपाडव्याला विकत आणावा लागतो, आणि तो पुरवून पुरवून वापरावा लागतो. डब्यात सुक्या लाल मिरच्या टाकणारे तिसरे घराणे सर्वांत आत्मविश्वासू आहे. प्लोडियाची अळी सुक्या लाल मिरच्यांवरही वाढते, ही माहिती त्या घराण्यापर्यंत पोहोचवण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

सर्व उपायांत ऊन श्रेष्ठ, यावर एकमत आहे. प्रश्न ऊन कोठे घालायचे हा आहे, कारण उपनगरांत ऊन ही गच्चीवर आढळणारी वस्तू असून गच्चीला कुलूप असते. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते, आणि ती मागायला गेल्यावर गच्चीवर वाळवण घातल्याने कबुतरे येतात, टाकीत घाण पडते, वरच्या मजल्याला गळती लागते आणि सौर तावदानांवर सावली पडते, अशी चार कारणे ऐकावी लागतात, ज्यांतील गळती वाळवणाने कशी लागते हे विचारण्याची सोय नसते. परिणामी तांदूळ खिडकीच्या जाळीत, तीन फूट बाय दीड फूट जागेत, सकाळी साडेनऊ ते पावणेअकरा या वेळेत पडणाऱ्या उन्हाच्या पट्टीमागे ताट सरकवत वाळवावा लागतो. ज्यांना तेवढेही ऊन नाही, ते रवा फ्रिझरमध्ये ठेवतात; चार-पाच दिवसांच्या कडक थंडीने अंडी व अळ्या मरतात हे सिद्ध असल्यामुळे हा उपाय खात्रीचा आहे, आणि बर्फाच्या साच्याशेजारी रव्याची पिशवी पाहून पाहुण्यांना काय वाटते, हा कीटकशास्त्राचा विषय नाही. पिशवी प्लास्टिकची असेल तर निर्धास्त राहावे, असेही नाही, कारण प्लोडियाची अळी पातळ प्लास्टिक कुरतडून आत जाते. मेणपतंगाच्या अळ्या पॉलिथिनला भोके पाडून ते पचवतातही की काय, अशी चर्चा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने जगभर घडवून आणली होती. महाराष्ट्र शासनाने पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, आणि अळी व शासन यांपैकी कोणाच्या कारवाईने अधिक पिशव्या नाहीशा झाल्या, याची तुलना भाजी बाजारात सायंकाळी सात वाजता उभे राहून करता येते.

एवढ्या कुटुंबांनी ज्याच्या निर्मूलनासाठी कडुनिंब, एरंडेल आणि शब्द खर्ची घातले, त्याच तांदळातील पतंगाचे पालनपोषण सरकारी खर्चाने होते, ही गोष्ट येथे सांगणे भाग आहे. उसाच्या खोडकिड्याच्या आणि इतर पिकांवरील किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालून त्यांचा नाश करणारी ‘ट्रायकोग्रामा’ नावाची गांधीलमाशीच्या जातकुळीची, एक मिलिमीटरहून लहान माशी शेतकऱ्याची मित्र मानली जाते. परंतु तिला वाढवायचे तर तिला अंडी पुरवावी लागतात, आणि सर्वांत सोयीची, स्वस्त व मुबलक अंडी देणारी मादी म्हणून निवड झाली ती तांदळातील पतंगाच्या त्या लांब नाकाच्या मादीची. त्यामुळे कृषी विद्यापीठांच्या आणि साखर कारखान्यांच्या जैविक प्रयोगशाळांत या पतंगाच्या पेट्याच्या पेट्या सांभाळल्या जातात, आणि बंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोमध्ये त्याच्या पालनाला प्रतिष्ठा आहे. पद्धत अशी: अडीच किलो बाजरी भरडून, तापवून निर्जंतुक करावी, तीत शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट घालावा, पाच ग्रॅम यीस्ट, थोडे गंधक आणि स्ट्रेप्टोमायसिनचे काही थेंब मिसळावेत, मग पतंगाची अंडी वरून भुरभुरावीत, पेटी कापडाने बांधावी आणि सुमारे २८ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी. गंधक वगळल्यास ही कृती कोणत्याही मराठी पाकपुस्तकात भाजणीच्या पानाशेजारी खपून जाईल. शेंगदाण्याच्या कुटाची जी आवड साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र दिसते, ती या अळीलाही असावी, यावरून तिचे मूळ गाव कॉर्फू की कऱ्हाड, हा प्रश्न पुन्हा उघडता येईल.

प्रयोगशाळेत लागणारे तापमान व आर्द्रता यंत्रे लावून राखावी लागतात, तर बोरिवलीच्या ओट्याखाली ती पावसाळाभर विनामूल्य मिळतात. तेथे जन्मलेल्या अंड्यांवर मात्र कोणी हक्क सांगत नाही. प्रयोगशाळेत ती चाळणीने गाळली जातात, अतिनील प्रकाशाखाली धरून त्यांतील गर्भ निष्क्रिय केला जातो, डिंकाने कागदाच्या पट्टीवर चिकटवली जातात आणि त्यांवर ट्रायकोग्रामाच्या माद्या सोडल्या जातात. अशा एका ट्रायकोकार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात, आणि शेतकरी त्या कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतो. म्हणजे सांगलीच्या फडात पतंगाची अंडी पैसे देऊन पानावर लावली जातात आणि त्याच फडातील साखर उपनगरात आली की तिच्या शेजारच्या डब्यातील अंडी शिव्या देऊन नाल्यात सोडली जातात. अर्थशास्त्रात याला मागणी-पुरवठ्याची विसंगती म्हणत असावेत.

या कुळाचे शेतीवरील उपकार एवढ्यावर थांबत नाहीत. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात १९११ मध्ये एर्न्स्ट बर्लिनर यांना मैद्याच्या पतंगाच्या आजारी अळ्यांत एक जिवाणू सापडला, त्याला त्यांनी त्या प्रांतावरून थुरिंजिएन्सिस असे नाव दिले, आणि त्या जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. विदर्भातील पारावर ज्या दोन अक्षरांवरून अजूनही तासन्‌तास वाद चालतो, त्यांतील दुसरे अक्षर अशा रीतीने एका जर्मन प्रांताचे आहे, आणि मूळ रुग्ण एक सोंडवाला पतंग आहे. ऑस्ट्रेलियाने तर याहून पुढची पायरी गाठली. तेथील फड्या निवडुंगाने लाखो एकर जमीन व्यापली असता अर्जेंटिनाहून ‘कॅक्टोब्लास्टिस’ हा याच कुळातील पतंग १९२५ मध्ये आणला गेला, त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत निवडुंग खाऊन रान मोकळे केले, आणि क्वीन्सलंडमधील बूनार्गा येथे ग्रामस्थांनी त्या पतंगाच्या नावाने १९३६ मध्ये एक स्मारक सभागृह बांधले. मुंबईत चौकाला नाव देण्यासाठी दिवंगत असणे, पक्षात असणे किंवा नगरसेवकाचे वडील असणे यांपैकी किमान दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात, असा समज आहे. पतंग फक्त पहिली पुरी करतो, तीही दर पंधरवड्याला.

तोवर त्याच्या वाट्याला येते ती केरसुणी. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर, बातम्या चालू असताना एक फिकट पाखरू ट्यूबलाइटवरून सुटून भिंतीवर, भिंतीवरून पडद्यावर आणि पडद्यावरून टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थाच्या दोन तळहातांच्या मधून निसटून खिडकीच्या जाळीबाहेर जाते. रव्याचा डबा त्याच दिवशी रिकामा करून, गरम पाण्याने धुऊन, पालथा घातलेला असतो, आणि घरात कर्तव्यपूर्तीचे समाधान पसरलेले असते. पाखरू मादी असते. तिचे नाक लांब असते आणि तिला शेजारच्या बिऱ्हाडातून, नुकत्याच दळून आणलेल्या थालीपिठाच्या भाजणीचा वास येतो. महिना-सव्वा महिन्याने त्या घरातील वडीलधारी व्यक्ती डब्याचे झाकण उघडून आत पाहते, झाकण पुन्हा लावते आणि अत्यंत शांतपणे म्हणते, “हे काही आपल्याकडचं नव्हे.”